निळा पडदा आणि सहा मिनिटं

दादा गेल्यानंतरही आमच्या घरात रोज दुपारी बोलायचा. तीनच शब्द. "अक्षरं. भाग दुसरा." मग कॅसेट प्लेयरमधून किंचाळल्यासारखा आवाज सुरू व्हायचा, टीव्हीच्या काळ्या पडद्यावर रंगीत पट्टे धावायचे, आणि कधी दोन मिनिटांनी, कधी चार मिनिटांनी पडदा एकदम निळा होऊन गोठायचा. त्यावर अक्षर नाही, रेघ नाही. कुठलंही बटण दाबलं तरी काही हलायचं नाही. मग मशीन बंद करायचं, टेप मागे घ्यायची आणि कॅसेट वहिनीच्या हातात द्यायची. ती पदराला पुसून कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दादा कोराडीच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ होता. रोज बसनं जायचा-यायचा आणि केसांत राखेचा बारीक थर घेऊन घरी यायचा. तिथल्या कॉलनीतला एक इंजिनीअर बदलीवर जाताना आपला घरगुती संगणक त्याला देऊन गेला. संगणक म्हणजे नुसता कळफलक, जाडजूड पुस्तकाएवढा. पडद्याच्या जागी घरातला टीव्ही जोडायचा. मशीन बंद केलं की त्याला काही आठवायचं नाही, म्हणून केलेलं काम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायचं आणि पुढच्या वेळी तिथूनच पुन्हा मशीनमध्ये भरायचं. कुठल्या टेपवर काय आहे ते कळावं म्हणून दादा आधी प्लेयरजवळ तोंड नेऊन नाव सांगायचा, मग मशीनचा आवाज भरायचा.

मशीनला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती. दादाला ते सहन झालं नाही. आमचं घर पत्रकांचं. बाबा गिरणीत कामाला होते, पण वस्ती त्यांना ओळखायची ती पत्रकांमुळे. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून बाबांनी दारू, हुंडा, बुवाबाजी, नवस, सावकारी यांच्यावर इतकी पत्रकं लिहिली की मी वाचायला शिकले ती त्यांच्या मुद्रितांवरच. दादा म्हणायचा, बाबा, तुमचं पत्रक मी या पडद्यावर मराठीत लिहून दाखवीन. गणिताच्या चौकडीच्या वहीत आठ बाय आठ चौकोन घेऊन तो पेन्सिलीनं घरं भरत बसायचा. भरलेल्या घरांतून क निघायचा, ख निघायचा. पहिल्या भागात त्यानं थोडी अक्षरं बसवली होती. ती टेप छोटी होती, मिनिटभरात चढायची आणि व्यवस्थित चढायची. दुसऱ्या भागात उरलेली अक्षरं, काना, मात्रा, जोडाक्षरं असं सगळं होतं. ते त्यानं वहीत न मांडता थेट मशीनवर केलं होतं. ती टेप चढायला सहा मिनिटं लागायची. तो असताना चढायची. आम्ही पाहिलेलं होतं.

थंडी सरताना त्याला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला.

मला ती अक्षरं हवी होती. त्याचं काम मी पुरं करणार असं मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्यासाठी वंदनेला जमलेल्या सगळ्यांसमोर बोलले होते, आणि बोललेलं करायचं हे आमच्या घरात देवासारखं होतं, देव नसतानाही. वहिनीला अक्षरांशी काही घेणं नव्हतं. तिला ते तीन शब्द हवे होते. दादाचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. पहिल्या भागाच्या टेपवर नाव सांगताना नेमका त्याला खोकला आला होता, त्यात तो ओळखू यायचा नाही.

म्हणून आम्ही दोघी रोज दुपारी एकाच कॅसेटसमोर बसायचो, आणि दोघींनाही माहीत होतं की टेप झिजते आहे. किंचाळीचा मधला भाग आता जरा बसका येत होता. आवाजाच्या सुरुवातीला खरखर वाढली होती. मी मोजून ठेवलं नव्हतं, पण रोज एकदा म्हणजे दोन महिन्यांत किती, हा हिशेब कोणालाही करता येतो.

बिघाड शोधायची माझी पद्धत बाबांचीच होती. आधी आरोपी ठरवायचा, मग पुरावा गोळा करायचा. पहिला आरोपी उन्हाळा. मार्चच्या शेवटीच नागपूर तापलं होतं. वहिनीनं मशीनला टीव्हीसारखंच झालरीचं कापडी कव्हर शिवलं होतं, ते मी काढायला लावलं. मशीनखाली दोन विटा ठेवल्या, हवा खेळावी म्हणून. पडदा निळा झाला. दुसरा आरोपी कुलर. कुलरची मोटार चालू-बंद झाली की दिवा लुकलुकतो, म्हणून तो बंद करून आम्ही घामानं निथळत बसलो. तरी निळा. प्लेयरचं हेड स्पिरिटनं पुसलं. वायर बदलली. प्लगची पिन घट्ट केली. सकाळी वहिनी बालवाडीत आणि मी छापखान्यात असायची, तरी एक दिवस रजा टाकून साडेदहाला करून पाहिलं. निळाच. दिवेलागणीनंतर आमच्याकडे वीज इतकी मंद व्हायची की टीव्हीचं चित्र चारी बाजूंनी आकसायचं आणि मशीन सुरूच व्हायचं नाही. म्हणजे दुपारच काय ती आमची.

गांधीबागेत, मी जिथं मुद्रितं तपासायची त्या छापखान्याशेजारी, एक टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे काका होते. मशीन पिशवीत घालून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ते दिवसभर दुकानात चालू ठेवलं. संध्याकाळी गेले तर म्हणाले, एकदाही अडलं नाही. मी म्हटलं, घरी रोज अडतं. त्यांनी मशीन माझ्या पिशवीत परत ठेवलं.

"मशीन मंधी काही नाही, बेटा. तुमच्या घरात आहे जे आहे ते."

त्यांचा अर्थ सरळ होता. वीज, वायरिंग, असलं काहीतरी. पण घरी येऊन मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि वहिनीचा चेहरा पाहून जीभ चावली. मी तिला म्हटलं, कॅसेट दे, त्या काकांच्या दुकानात चढवून आणते, तिथं अडणार नाही. ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. कॅसेट घराबाहेर जाणार नाही म्हणाली. बसमध्ये पडली तर, उन्हानं वितळली तर, काकांनी चुकून वरून गाणी भरली तर. मी काकांचा प्लेयर आणून घरीच, दादाचे शब्द सोडून नुसत्या किंचाळीची, दुसरी प्रत काढली, तर त्या प्रतीतून मशीनला काहीच कळेना.

त्यानंतर ती एक दिवस म्हणाली, "त्याले नको असंन. अर्धवट काम कोणाले दाखवणं त्याले आवडत नव्हतं."

मी चिडले. तिला बाबांची जुनी पत्रकं वाचून दाखवायला निघाले होते. मेलेला माणूस पडदा निळा करत नाही, वहिनी, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती भांडली नाही. पण त्या दिवसापासून दादाचे शब्द संपून किंचाळी सुरू झाली की ती दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून डोळे मिटून बसायची, आणि पडदा निळा झाला की हलकेच मान हलवायची, समोरच्यानं काही सांगितलं आणि ते आपल्याला पटलं अशी. मला ते बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटू लागली होती. किंचाळी सुरू झाल्यावर मीही त्यात शब्द शोधायला लागले होते. एकदा मला वाटलं तो मला हाक मारतोय. दुसऱ्या दिवशी छापखान्यात मी अर्ध्या फर्म्यात, आठ पानांत, चुका सोडल्या.

मला आरोपी हवा होता, जिवंत आणि लवकर.

वस्तीच्या तोंडावर एक चक्की होती. दळणाची मोटार सुरू झाली की आजूबाजूचे दिवे पिवळे पडायचे हे सगळ्यांना माहीत होतं. चक्कीवाला पैसेवाला, आमच्या समाजाचा नाही, आणि वजनात मारतो अशी बोलवा. एवढं मला पुरलं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. वस्तीची वीज कोणाच्या मोटारीत जाते, गरिबाच्या दिव्याला मंद करून कोणाचं पीठ पांढरं होतं, असं सगळं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून ते वाचलं आणि एक विशेषण काढून दुसरं, जास्त कडक घातलं. छापखान्यात फावल्या वेळात सायक्लोस्टाईल करून मी ते स्वतः वाटलं. दादा गेल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चक्कीवाला पत्रकाची घडी हातात घेऊन आमच्या दारात आला. मी भांडणाच्या तयारीत उभी राहिले. त्यानं बाबांना जी-जी करत रामराम केला, बाबांनी जयभीम म्हटला, आणि तो ओट्यावर बसला.

"दुपारी एक ते पाच माही चक्की बंद असते जी," तो बाबांना म्हणाला. "वीस वर्सं झाली. बायाइले दळण सकाळी पाहिजे का संध्याकाळी. पोरीनं येऊन इचारलं असतं तं मीच सांगतलं असतं."

हे खरं होतं. मी जन्मापासून त्या चक्कीवर दळण घेऊन जात होते, आणि कधीही दुपारी नाही. माहीत असलेली गोष्ट मला आठवली नव्हती, कारण ती माझ्या पत्रकाला सोयीची नव्हती. तो आणखी एक बोलला. घरातली सगळी बटणं बंद करा आणि मीटर पाहा. चाक फिरत असेल तर वीज कुठंतरी जाते आहे. माझ्या चक्कीवर असंच सापडलं होतं. मग त्यानं पत्रक नीट घडी घालून खिशात ठेवलं. ठेवून घेतो म्हणाला, माझ्यावर पहिल्यांदाच कोणी छापलं.

त्याच दुपारी मी घरातलं एकेक बटण बंद केलं. टीव्ही, मशीन, कुलर, देव्हारा नसलेल्या आमच्या घरात तथागताच्या मूर्तीजवळ जळणारा झिरोचा बल्बसुद्धा. स्टुलावर चढून मीटर पाहिलं. काचेच्या आत चाक फिरत होतं. त्याच्या कडेवरची लाल खूण पुढून जायची, मागे जायची, पुन्हा पुढे यायची, चांगली वेगात. मग चाक अचानक थांबल्यासारखं झालं. मी श्वास सोडला तर पुन्हा सुरू. थोडा वेळ फिरायचं, थोडा वेळ थांबायचं. घरात काहीही चालू नव्हतं. वहिनी स्टूल धरून खाली उभी होती. काय दिसतं ते तिनं विचारलं आणि मी सांगितलं. तिचा हात स्टुलावरून सुटला.

"कोणी तरी आहे," ती म्हणाली.

मी तिला ओरडून गप्प केलं नाही. मलाही तेच वाटलं होतं, मे महिन्याच्या भर दुपारी.

मीटरच्या पाटीमागे हात घातला तर एक वायर जास्तीची लागली. ती बोटांनी चाचपत मी मागच्या खोलीत गेले. ती छपराच्या कवेलूंखालून, वाशाच्या मागच्या अंगानं नेली होती, खालून दिसणारच नाही अशी. दर वितीवर एक क्लिप, क्लिपचा खिळा सरळ, वळणावर वायरला छोटा ढिला पीळ, उन्हाळ्या-हिवाळ्यात ताण पडू नये म्हणून. असं काम एकच माणूस करायचा. आमच्या घरातली सगळी वायरिंग त्याच हातानं केलेली होती. वहिनीनंही ओळखलं. ती एकेक क्लिपला हात लावत माझ्या मागून आली. वायर परसातल्या भिंतीपर्यंत गेली, भिंतीत पाडलेल्या भोकातून पलीकडे उतरली.

पलीकडे बुढीचं घर.

त्या बाईबद्दल इथं सांगितलं पाहिजे. मी सात-आठ वर्षांची असताना तिच्या अंगात यायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी लोक तिच्या दारात बसायचे, तांदूळ, नारळ, लुगडी आणायचे. दीक्षा घेतलेल्या वस्तीत हे चालणार नाही म्हणून बाबांनी पत्रक लिहिलं. त्यात तिचं नाव घातलं, नवऱ्यानं टाकलेली आहे हेही घातलं. दादा तेव्हा चौदा-पंधराचा. घरोघरी ते पत्रक त्यानंच वाटलं होतं आणि मी त्याच्यामागून गेले होते. त्यानंतर तिच्याकडे कोणी गेलं नाही, भूतबाधेसाठी नाही, लग्नाबारशाचं बोलावणं घेऊन नाही, कशासाठीच नाही. बाबांचं ते पत्रक आमच्या घरात विजय म्हणून सांगितलं जायचं. परसातल्या भिंतीपलीकडे कोणी राहतं हे आम्ही वर्षानुवर्षं बोललो नव्हतो.

मी वळसा घालून तिच्या दारात गेले. वहिनी आली नाही. दार उघडंच होतं. आत धुतलेल्या कपड्यांची गाठोडी, जमिनीवर घोंगडी अंथरलेली, आणि ती बसून इस्त्री करत होती. साधी नव्हे, आपोआप थांबणारी इस्त्री. तापली की आतून टक्क वाजून लाल दिवा विझायचा, निवली की पुन्हा टक्क वाजून पेटायचा. मी तो दिवा दोनदा विझताना आणि पेटताना पाहिला आणि मला दोन महिन्यांचं सगळं कळलं. दर टक्क आवाजाला आमच्या वायरीत धक्का बसत होता, आणि सहा मिनिटांत असे तीन-चार धक्के नक्की. मिनिटभराची टेप मधल्या फटीतून निसटून जायची. सहा मिनिटांची जाऊच शकत नव्हती.

"त्याची बहीन नं तू?" ती वर न बघता म्हणाली. "तार काढाले आली का पत्रक वाटाले?"

मी म्हटलं, काहीच नाही, मला फक्त विचारायचं आहे. ती इस्त्री उभी करून सांगू लागली. तिचं बिल थकून लाईन कापली गेली तेव्हा एक दिवस दादा भिंतीवरून उतरला. ही तार, ही इस्त्री त्यानंच आणून दिली. एका लॉन्ड्रीत तिचं नाव सांगून कपडे मिळवून दिले. दहाला गाठोडी येतात, पाचला जातात. कोणाला सांगू नको म्हणाला, बाबांना तर नाहीच. मशीनवर बसायच्या आधी तो परसात येऊन भिंतीवर दोनदा ठोके द्यायचा. ती प्लग काढायची. काम झालं की पुन्हा दोनदा. मग ती लावायची.

"तीन महिने झाले, ठोके नाही," ती म्हणाली. "तो गेला हे मले मालूम हाये. पन मले वाटे, कोणी तरी ठोकंन. घरात आणखी मानसं हायेत."

मग तिनं ते सांगितलं जे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

"माह्या अंगात कधी काही येत नव्हतं, पोरी. मले मालूम होतं. तुह्या बापालेबी मालूम होतं. त्यानं बराबर लिवलं. पन त्याच्या बाद मी खावं काय, हे कोन्या कागदावर लिवलं होतं काय?"

माझ्याकडे त्या क्षणी एवढंच होतं की मला सहा मिनिटं हवी होती, आणि मी ती मागितली. इतकं सगळं ऐकून मी तेच मागितलं. तिनं इस्त्रीची वायर ओढून काढली, हाताभोवती गुंडाळली, आणि म्हणाली, त्याचा आवाज असंन तं मीबी आइकतो. आणि माझ्याबरोबर चालू लागली.

बाबा ओट्यावर होते. त्यांना तिला ओळखायला वेळ लागला, डोळे आता तसे राहिले नव्हते. मी सगळं एका दमात सांगितलं, दादाची तार, इस्त्री, ठोके. मला वाटलं ते उठतील. ते बसूनच राहिले. म्हणाले की लिहिलं ते खोटं नव्हतं. बुढी म्हणाली, नव्हतंच. मग बाबांनी सरकून तिला ओट्यावर जागा केली. ती बसली नाही. आत येऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

वहिनीनं कॅसेट आणली. ती बुढीकडे बघत नव्हती. मला वाटतं तिला दुखलं होतं ते हे की इतकी मोठी गोष्ट त्यानं तिलाही सांगितली नव्हती, आणि तो रोज हात धुवायला परसात जातो असं तिला वाटत आलं होतं. मी मशीन लावलं. "अक्षरं. भाग दुसरा." बुढीनं कपाळाला हात लावला. किंचाळी सुरू झाली. पट्टे धावू लागले. एक मिनिट, दोन, चार. कोणी हललं नाही. मला निळ्याची इतकी सवय झाली होती की पडद्याकडे न बघता मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. किंचाळी थांबली. पडदा काळाच राहिला, आणि त्यावर ओळीनं अक्षरं उमटू लागली. ट, ठ, ड, ढ. काना, वेलांटी, मात्रा. शेवटी क्ष आणि ज्ञ. त्याच्यापुढे काही नव्हतं. निरोप नाही, कोणाचं नाव नाही. ळ जरा वाकडा होता, एक चौकोन चुकून जास्त भरलेला.

वहिनी कितीतरी वेळ शेवटच्या अक्षराच्या पुढची रिकामी जागा पाहत होती.

मी लगेच नवी कॅसेट घालून मशीनमधली नुसती अक्षरं तिच्यावर उतरवून घेतली. आणखी सहा मिनिटं. बुढी थांबली, पाचला गाठोडी न्यायला येतील म्हणाली पण थांबली. नवी टेप झाली. इथं माझं काम संपलं होतं.

पण मी मुद्रितशोधक. मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय मी काही छापायला सोडत नाही, आणि ही सवय मला बाबांनी लावली आहे. मी म्हटलं, मूळ टेप अजून एकदा चढवून ताडून पाहू. वहिनी म्हणाली, नको. मी म्हटलं, एकदाच. ती पुन्हा म्हणाली, "आज नको वं. राहू दे तिले." मी तिला समजावलं की नव्या टेपमध्ये एक टिंब जरी चुकलं तर दादाचं काम चुकीचं जगेल, हा त्याच्यावर अन्याय होईल, आणि आता वीज स्वच्छ आहे, असा मोका पुन्हा मिळेल का. मी चांगलं बोलते. माझ्या बोलण्यापुढे तिचं कधीच चाललं नव्हतं. तिनं कॅसेट दिली.

टेप मागे घेतली आणि बटण दाबलं. दादाचा "अ" आला, आणि मग तो जाड होऊन खाली खाली गेला, विहिरीतून आल्यासारखा, आणि थांबला. प्लेयरच्या आत कागद चुरगळल्यासारखं वाजलं. मी झाकण उघडलं तर टेप चाकाभोवती गुंडाळली होती. टोकाचाच भाग, जिथून आम्ही रोज सुरू करायचो, दोन महिने झिजलेला. मी पेन्सिल घालून, नखांनी, सुईनं सोडवायला गेले. हातात कोळ्याच्या जाळ्यासारखा तपकिरी गुंता आला, आणि मधे तुटला.

बुढी उठली आणि आपल्या इस्त्रीकडे निघून गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे टक्क वाजलं असणार. आम्हाला ऐकू आलं नाही. पडद्यावर ट, ठ, ड, ढ तसेच होते, आणि मग पडदा निळा झाला.

वहिनीनं माझ्या हातातला गुंता घेतला. रागावून नाही. ती म्हणाली, "तुले अक्षरं पाहिजे होती नं. भेटली."

चक्कीवाल्याची माफी मी छापली, त्याच आकाराच्या कागदावर, आणि घरोघरी दिली. बुढीची तार तशीच आहे, बाबांनी तिला हात लावू दिला नाही. तिच्याबद्दल मी पत्रक लिहायला निघाले होते, तर तिनं निरोप पाठवला की माझं नाव पुन्हा कुठं छापू नको. म्हणून इथंही नाही. नवी टेप चांगली आहे, प्रत्येक अक्षर जागेवर, ळसुद्धा जसा होता तसा वाकडा. वहिनी पावसाळ्यात कळमेश्वरला माहेरी गेली आणि तिथल्याच बालवाडीत लागली. सणावाराला येते, माझ्याशी नीट बोलते, माझ्या ताटात वाढते. तो आवाज कसा होता, हे मला तिला विचारावंसं वाटतं. मला तो आता आठवत नाही, मी त्यावेळी किंचाळीची वाट बघत असायची. तिला आठवत असणार. पण विचारायचा हक्क मला राहिलेला नाही.